मोठा उणे नंबर आणि शस्त्रक्रियेचा इतिहास



मी डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. नाही तर व्याख्यान संपल्यावर काही मंडळी डोळे दाखवायला व्यासपीठाकडे यायची. मी इतिहासाचा शिक्षक. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेकडे माझे लक्ष गेले ते घरातल्या एका प्रश्नामुळे. माझी भाची चोवीस वर्षांची आहे आणि तिच्या दोन्ही डोळ्यांना उणे तेरा नंबर आहे. उणे तेरा म्हणजे काय, हे ज्यांचा चष्मा उणे दोनचा आहे त्यांना कळणार नाही. सकाळी उठल्यावर चष्मा कुठे ठेवला आहे हे पाहण्यासाठीच चष्मा लागतो. माणसाचा चेहरा चार बोटांच्या अंतरावर आला तरच स्पष्ट दिसतो. शिवाय जाड भिंगातून सारे जग आहे त्यापेक्षा लहान दिसते ते वेगळेच.

ही मुलगी तीन डॉक्टरांकडे जाऊन आली. पहिले म्हणाले, लेसर तुला चालणार नाही, डोळ्यांत एक जादा लेन्स बसवू. दुसरे म्हणाले, डोळ्यांतले मूळचे भिंगच काढून टाकू आणि त्याच्या जागी हिशेबाने केलेले दुसरे घालू. तिसरे म्हणाले, चष्मा काय वाईट आहे? ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, तू इतकी जुनी पुस्तके चाळतोस. या तिघांत खरे कोण ते सांग."

मी तिला म्हटले, खरे कोण ते मला ठाऊक नाही. पण तिघांचेही पूर्वज मला ठाऊक आहेत. ते कोण होते आणि त्यांच्या रुग्णांचे पुढे काय झाले, तेवढे सांगतो. आज तेच मी आपणांपुढे मांडणार आहे.

प्रथम दोष काय आहे तो पाहू. प्रकाश डोळ्यात शिरतो तो समोरच्या पारदर्शक काचेसारख्या पटलातून. त्याला ग्रंथांत स्वच्छमंडल म्हणतात. त्यामागे बाहुली, बाहुलीमागे भिंग, आणि सर्वांत मागे ज्यावर चित्र उमटते तो पडदा. हे चित्र पडद्यावर उमटते, भिंगात नव्हे, ही गोष्ट जर्मन ज्योतिषी केप्लर याने १६०४ साली दाखवून दिली आणि अंतर्गोल भिंगाने ऱ्हस्वदृष्टी माणसाला दूरचे का दिसते, याचेही कारण त्याच ग्रंथात दिले. गंमत अशी की तसे चष्मे त्यापूर्वी दीडशे वर्षे युरोपात विकले जात होते. उपाय आधी सापडला आणि कारण मागून कळले. या विषयात हे पुन्हा पुन्हा घडणार आहे.

साधारण माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे चोवीस मिलिमीटर लांब असतो. मोठ्या ऱ्हस्वदृष्टीत तो लांबट होतो, अठ्ठावीस, तीस मिलिमीटरपर्यंतही. एक मिलिमीटर लांबी वाढली की नंबर ढोबळ मानाने अडीच-तीनने वाढतो. चित्र पडद्याच्या अलीकडेच जुळते आणि पडद्यावर पोचेपर्यंत विसकटते. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. डोळा लांब होतो तेव्हा पडद्याला नवे कापड मिळत नाही. आहे तेच ताणले जाते. म्हणून असा पडदा पातळ असतो, काठाशी विरतो, फाटतो आणि भिंतीपासून सुटतो. यालाच आपण पडदा सरकणे म्हणतो. नंबर हा दोषाचा आकडा आहे. दोष आहे तो लांबीचा. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा सारा इतिहास नीट उलगडतो.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. डोळ्यातले भिंग काढले तर ऱ्हस्वदृष्टी कमी होईल, ही कल्पना मोतीबिंदूवरून सुचली. मोतीबिंदू शलाकेने बाजूस सारण्याची रीत आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितली आहे आणि ती देशोदेशी शतकानुशतके चालू होती. मोतीबिंदू डोळ्याबाहेर काढण्याची रीत फ्रेंच शस्त्रवैद्य दाव्हिएल याने १७४७ पासून रूढ केली. भिंग गेल्यावर सामान्य माणसाला अधिक दहा-बारा नंबरचा जाड चष्मा लागे. पण ज्याचा मुळात उणे वीस नंबर आहे अशा माणसाचे भिंग गेले तर? उणे आणि अधिक यांची जवळजवळ फिटंफाट होते आणि तो चष्म्यावाचून दूरचे पाहू लागतो. १७७६ साली देमोन्सो नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूने, मोतीबिंदू नसतानाही अशा माणसाचे भिंग काढावे, असे सुचवले होते. सुचवणे सोपे होते. त्या काळी भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, आणि दृष्टी असलेला डोळा सुरीखाली देण्यास कोण धजावणार? पुढे एकोणिसाव्या शतकात दृष्टिदोषांचे शास्त्र ज्याने पायाशुद्ध बांधले त्या उत्रेख्तच्या दोंदर्स याने आपल्या १८६४ च्या ग्रंथात या विचाराचा कडक शब्दांत निषेध केला. नेत्रवैद्यकात त्याच्या शब्दाला फार वजन होते. पंचवीस वर्षे कोणी मोठ्याने बोलले नाही.

मग १८९० साली फुकाला नावाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील एका नेत्रवैद्याने निबंध प्रसिद्ध केला : अत्यंत मोठ्या ऱ्हस्वदृष्टीत मी निरोगी भिंग काढले आणि रुग्ण पाहू लागले. फ्रान्समध्ये त्याच सुमारास वाशेर याने तेच केले आणि अग्रहक्काबद्दल वाद झाला. तो वाद आपल्याला नको. आपल्याला प्रश्न असा पडावा की हे १८९० मध्येच का झाले, १८६० मध्ये का नाही? उत्तर दोन शोधांत आहे. लिस्टरने १८६७ पासून जंतुनाशक पद्धती पुढे आणली. आणि १८८४ साली व्हिएन्नाच्या कोलर याने कोकेनचे थेंब डोळ्यात टाकले असता डोळा बधिर होतो हे दाखवले. पू होण्याचे भय आणि वेदना, ही दोन द्वारपाल बाजूला झाली आणि जुनी कल्पना सरळ आत शिरली. ती चांगली आहे की वाईट, याचा निर्णय त्या दोन शोधांनी दिलेला नव्हता. फक्त ती करता येऊ लागली होती.

फुकालाची रीत अशी : रुग्ण तरुण असावा, कारण तरुण भिंग मऊ असते. बारीक सुईने भिंगाचे वेष्टन फाडायचे. आतला गर फुगतो, गढूळ होतो आणि काही आठवड्यांत विरघळत जातो. उरलेला लहानशा छेदातून काढून टाकायचा. यश मोठे नाट्यमय असे. जो माणूस वीतभरापलीकडे आंधळा होता तो खिडकीतून रस्त्यावरची माणसे ओळखू लागे. अशा रुग्णाच्या डोळ्यांतले पाणी पाहून कोणता वैद्य थांबेल? पुढची दहा-पंधरा वर्षे जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स येथे ही शस्त्रक्रिया हौसेने झाली.

आणि मग ती मागे पडली. कारण भिंग गेल्यावर डोळ्यातला पारदर्शक बलक पुढे सरकतो आणि मागच्या पातळ पडद्याला ओढ देतो. पडदा सुटतो, आणि तो लगेच नव्हे, तर काही वर्षांनी सुटतो. सरकलेला पडदा बसवण्याची विद्या तेव्हा नव्हती. स्वित्झर्लंडच्या गोनँ याने पडद्याचे छिद्र हेच मूळ कारण आहे हे ओळखून ते डाग देऊन बंद करण्याची रीत काढली, आणि ती सर्वमान्य झाली १९२९ च्या ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत. म्हणजे फुकालाच्या रुग्णाचा पडदा सरकला की तो डोळा गेलाच. दोंदर्सचा निषेध चाळीस वर्षे उशिरा खरा ठरला. मात्र हेही सांगितले पाहिजे की ज्यांचा पडदा सरकला नाही त्यांना जन्मभर उत्तम दिसले. फुकाला भोंदू नव्हता. त्याने जे पाहिले ते खरे सांगितले. त्याने पाहिले तेवढे पुरेसे नव्हते.

या कथेचे दुसरे प्रकरण जपानात घडले आणि ते मला सर्वांत दुःखद वाटते. टोकियोच्या जुंतेंदो येथील नेत्रवैद्य सातो याने १९३० नंतरच्या दशकात एक गोष्ट पाहिली. काही रुग्णांचे स्वच्छमंडल शंकूसारखे पुढे येते. त्याच्या आतल्या थराला आपोआप चीर पडून ती भरून आली की शंकू सपाट होतो. सातोने विचार केला, निसर्ग चिरेने सपाट करतो, मग आपण का करू नये? स्वच्छमंडल सपाट झाले की प्रकाश कमी वळतो आणि उणे नंबर उतरतो. त्याने बाहेरून आणि आतूनही, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, चाळीसच्या आसपास बारीक छेद देण्याची पद्धत बसवली. नंबर सरासरी तीनने उतरे. १९५३ साली त्याचा निबंध अमेरिकेच्या नेत्रवैद्यकाच्या प्रमुख नियतकालिकात आला. निरीक्षण अचूक, हात कुशल, हेतू निर्मळ.

एक गोष्ट मात्र त्या काळी कोणालाच नीट ठाऊक नव्हती. स्वच्छमंडलाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. तो थर पटलात झिरपणारे पाणी सतत बाहेर उपसत असतो, म्हणून ते पारदर्शक राहते. विहिरीवरची मोट थांबली की जशी विहीर भरते, तसे हा थर मेला की पटल पाण्याने फुगते आणि दुधी काचेसारखे होते. शिवाय माणसात या पेशी पुन्हा वाढत नाहीत. सातोने आतून दिलेल्या प्रत्येक छेदाने त्यांतल्या काही मारल्या. उरलेल्यांनी दहा, पंधरा, वीस वर्षे काम रेटले. मग त्याही थकल्या. सातो १९६० साली वारला. त्याचे तरुण रुग्ण प्रौढ झाले आणि एकेक करून धूसर डोळे घेऊन परत येऊ लागले. १९८२ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला तो जुंतेंदोच्याच डॉक्टरांनी केला. गुरूच्या चुकीचा हिशेब शिष्यांनी स्वतः छापावा, याचे मोल इतिहासाच्या माणसाला अधिक कळते.

सातोच्या मार्गाची पुढची पायरी थोडक्यात सांगतो, कारण मोठ्या नंबराशी तिचा संबंध कमी. मॉस्कोच्या फ्योदोरोव्ह याने १९७४ पासून आतले छेद सोडून फक्त बाहेरचे ठेवले आणि पुढे तर रुग्णांना सरकत्या टेबलांवर निजवून, एका सर्जनने एकच काम करायचे, अशा कारखान्याच्या थाटात शस्त्रक्रिया चालवल्या. अमेरिकेत तिची पद्धतशीर पाहणी झाली आणि १९९४ साली दहा वर्षांचा निकाल लागला : ४३ टक्के डोळ्यांत नंबर एक किंवा त्याहून अधिक अंकाने उलट दिशेला, म्हणजे अधिकाकडे, सरकला होता. छेदलेले पटल वर्षानुवर्षे सपाट होतच राहते. १९९६ साली एव्हरेस्टवर बेक वेदर्स या अमेरिकी डॉक्टरची दृष्टी अंधुक झाली ती याच शस्त्रक्रियेमुळे. विरळ हवेत छेद दिलेल्या पटलाचा आकार बदलतो, हे त्याला शिखराच्या वाटेवर कळले. तो कसाबसा जिवंत परतला.

मोठ्या नंबराला उपयोगी पडतील असे दोन मार्ग मात्र १९५० च्या सुमारास निघाले, आणि योगायोग असा की दोन्हींवर एकाच घराण्यातले दोन सख्खे भाऊ चालले. बार्सिलोनाच्या बाराकेर घराण्यातला होसे इग्नासियो कोलंबियात बोगोता येथे गेला. त्याचे म्हणणे असे की स्वच्छमंडलाला चिरा कशाला द्यायच्या, त्याचा पुढचा भाग चकतीसारखा कापून उचलू, गोठवू, कॉन्टॅक्ट लेन्स कातण्याच्या लेथवर तो कातून पातळ करू आणि पुन्हा जागेवर शिवू. त्याने हे खरोखरच १९६० नंतरच्या दशकात माणसांवर करून दाखवले. ऐकताना अंगावर काटा येतो. परंतु डोळ्याचे पटल कातून आकार देता येतो हा विचार पुढे लेसरवाल्यांनी उचलला तो त्याच्याचकडून.

दुसरा भाऊ होआकिन बार्सिलोनातच राहिला. त्याने धरला तो डोळ्यात लेन्स ठेवण्याचा मार्ग. लंडनच्या रिडले याने १९४९ साली मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली होती. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण घुसत आणि तसेच शांत पडून राहत, हे त्याने पाहिले होते. १९५३ साली रोमच्या स्त्राम्पेल्ली याने पुढचे पाऊल टाकले : मूळचे भिंग तसेच ठेवून, बाहुलीच्या पुढे, उणे नंबरची लेन्स बसवायची. म्हणजे चष्माच डोळ्यात घालायचा. होआकिन बाराकेरने अशा दोनशेहून अधिक लेन्सा बसवल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा त्याला पुढे स्वतःच्याच हाताने काढाव्या लागल्या. त्या लेन्सा जाड होत्या, त्यांचे पाय डोळ्याच्या कोनात रुतत, आणि काठ घासे तो नेमक्या त्याच एकेरी पेशींच्या थरावर, जो सातोच्या सुरीने मारला होता. टोकियो आणि बार्सिलोना यांची गाठ त्या एका थरावर पडली. मार्ग चुकीचा नव्हता. जागा चुकली होती आणि वस्तू ओबडधोबड होती. पण हे ठरायला तीस वर्षे गेली.

या कथेत भारतीय नाव येते ते लेसरच्या प्रकरणात. रंगस्वामी श्रीनिवासन मद्रासचे, जन्म १९२९ चा. ते न्यूयॉर्कजवळ आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत अतिनील किरणांच्या एक्सायमर लेसरने प्लास्टिक कोरण्याचे प्रयोग करीत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण झाला. दुसऱ्या दिवशी सणाच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर किरण सोडला. मांस न जळता, न करपता, सुबक चर पडला. ब्लम आणि वाइन हे त्यांचे सहकारी. नेत्रवैद्य ट्रोकेल यांनी या किरणाचा स्वच्छमंडलावर उपयोग होईल हे ओळखले आणि १९८३ साली श्रीनिवासन यांच्याबरोबर निबंध लिहिला. १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला मार्गरीट मॅक्डॉनल्ड यांनी दृष्टी असलेल्या डोळ्यावर तो चालवला. १९९० च्या सुमारास क्रीटच्या पालिकारिस यांनी बाराकेरचा पापुद्रा आणि श्रीनिवासनचा किरण यांचे लग्न लावले : पटलाचा पातळ पदर बिजागरीसारखा उघडायचा, खाली लेसरने कोरायचे, पदर मिटवायचा. हेच आपल्या गल्लोगल्लीच्या फलकांवर दिसणारे लॅसिक. त्यानंतर पदर न उघडता बारीक छिद्रातून आतली चकती ओढून काढण्याची स्माइल नावाची पद्धत आली. तिच्या आरंभीच्या कामात जर्मनीच्या झेकुंडो यांच्याबरोबरीने बडोद्याच्या डॉ. रूपल शहा यांचा वाटा आहे.

मग भाचीला लेसर का नाही? याचे उत्तर इतिहासापेक्षा अंकगणितात आहे, आणि ते कोणत्याही गृहिणीला समजेल असे आहे. पटलाची जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. किती कोरावे लागेल याचे एक ढोबळ सूत्र आहे : नंबराला कोरायच्या वर्तुळाच्या मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाने गुणायचे आणि तीनने भागायचे. तेरा गुणिले छत्तीस, भागिले तीन : १५६ मायक्रॉन. वरचा पदर धरा ११०. भाचीचे पटल मुळात ५१० च आहे. वजाबाकी केली की खाली उरतात २४४. २५० च्या खाली जाऊ नये अशी लक्ष्मणरेषा आहे आणि सावध सर्जन ती ३०० वर आखतात. रेषा ओलांडली तर काय होते? डोळ्याच्या आतला दाब पातळ झालेल्या पटलाला हळूहळू पुढे ढकलतो आणि त्याचा शंकू होतो. हा अनुभव जगाने घेतला. आरंभीच्या उत्साहात चौदा-पंधरा नंबरांपर्यंत आणि त्याही पुढे लेसर चालवले गेले. १९९८ साली झायलर या जर्मन डॉक्टरने, जो स्वतः या लेसरच्या अग्रणींपैकी एक, लॅसिकनंतर शंकू झालेले रुग्ण जगापुढे मांडले. मग मर्यादा खाली आली ती आठ-दहावर. ज्या शंकूकडे पाहून सातोने शस्त्रक्रिया शोधली, तोच शंकू शस्त्रक्रियेने तयार होऊ लागला होता.

लेसर बाद झाल्यावर उरले फुकालाचे वारस आणि स्त्राम्पेल्लीचे वारस. फुकालाची कल्पना १९९० नंतर पुन्हा उठली, कारण आता छेद तीन मिलिमीटरचा झाला होता आणि भिंगाच्या जागी हवी त्या नंबरची लेन्स घालता येत होती. फ्रान्समध्ये ब्रेस्त येथील कोलँ यांनी अशा एकोणपन्नास डोळ्यांचा सात वर्षांचा वृत्तांत १९९९ साली दिला. पडदा सरकण्याचे प्रमाण चौथ्या वर्षी दोन टक्के होते. सातव्या वर्षी ८.१ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. चौथ्या वर्षी जो सर्जन खूश होता तो सातव्या वर्षी गप्प झाला असणार. शिवाय तरुणाचे भिंग काढले म्हणजे जवळ-दूर आपोआप जुळवण्याची शक्ती गेली. चोविसाव्या वर्षी चाळिशी लागते. पन्नाशीच्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याची ती शक्ती आधीच गेलेली असते आणि मोतीबिंदू दाराशी आलेला असतो. त्याच्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला कदाचित योग्यही ठरेल. चोवीस वर्षांच्या मुलीला तो देणे मला तरी धाडसाचे वाटते.

स्त्राम्पेल्लीचे वारस अधिक धिमे निघाले. हॉलंडच्या वॉर्स्ट याने खेकड्याच्या नांगीप्रमाणे परितारिकेला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, चिमटून धरणारी लेन्स काढली होती. ती १९८६ मध्ये जर्मनीच्या फेखनर याच्याबरोबर ऱ्हस्वदृष्टीसाठी वापरली गेली. त्याच वर्षी फ्योदोरोव्ह याने तिसरी जागा शोधली : परितारिकेच्या मागे आणि मूळ भिंगाच्या पुढे. त्या जागेत बसणारी मऊ, घडी करून घालता येणारी लेन्स १९९३ पासून माणसांत बसू लागली आणि अमेरिकेत तिला २००५ साली परवानगी मिळाली. पेशींच्या थरापासून ती दूर असते. परंतु मूळ भिंगाला चिकटून राहिली तर मोतीबिंदू आणते, आणि पाण्याचा मार्ग अडवला तर डोळ्याचा दाब वाढवते. म्हणून आरंभी परितारिकेला लेसरने छिद्र पाडून ठेवावे लागे. यावर उपाय काढला जपानच्या किमिया शिमिझु यांनी : लेन्सच्या मधोमध ०.३६ मिलिमीटरचे एक छिद्र. पाणी तिथून खेळते राहते आणि ते छिद्र डोळ्याला दिसतही नाही. सातोच्याच देशातून हा उपाय यावा, याचे मला बरे वाटले. दरम्यान बाहुलीच्या पुढे, कोनात बसणाऱ्या लेन्सचा मोह मात्र सुटला नव्हता. एका मोठ्या कंपनीची तशी आधुनिक लेन्स २०१२ साली थांबवावी लागली. कारण विचाराल, तर पुन्हा तोच पेशींचा थर.

लेसर आणि जादा लेन्स यांची समोरासमोर तुलना करणारे प्रयोगही झाले आहेत. २०१४ साली त्यांपैकी तीन चांगल्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. २२८ डोळे, नंबर उणे सहापासून वीसपर्यंत. लेन्सचा पक्ष सरस ठरला : चष्म्यासह मिळणारी उत्तम दृष्टी गमावण्याचा धोका कमी, फिकट-गडद ओळखण्याची शक्ती अधिक चांगली. भाचीने हा निकाल मला फोनवर मोठ्या आनंदाने वाचून दाखवला. मी विचारले, पाहणी किती काळाची होती? ती म्हणाली, एक वर्षाची. मी म्हटले, फुकालाचे पहिले वर्ष उत्तम गेले होते, सातोची पहिली दहा वर्षे उत्तम गेली होती.

ती चिडली, आणि तिचे चिडणे रास्त होते. "मग वीस वर्षे थांबून चव्वेचाळिसाव्या वर्षी दूरचे पाहू का?" इतिहासाच्या शिक्षकाचा हा नेहमीचा पराभव आहे. निकाल लागेपर्यंत थांबावे हे आम्ही सांगतो, पण तरुणपण थांबत नाही. शिवाय कोणीतरी पहिल्याने डोळा पुढे केला नसता तर निकाल कशाचा लागला असता? म्हणून मी प्रश्न बदलला. चूक झालीच तर कोणती शस्त्रक्रिया मागे घेता येते, असे तिला विचारले. कोरलेले पटल परत येत नाही. काढलेले भिंग परत येत नाही. जादा घातलेली लेन्स काढता येते. होआकिन बाराकेरने साठ वर्षांपूर्वी त्या काढल्या तेव्हा ते अपयश समजले गेले, पण त्या काढता आल्या हेच तिच्या दृष्टीने महत्त्वाचे. पेशी मोजण्याचे यंत्रही आता आहे, जे सातोपाशी नव्हते. दरवर्षी मोजले तर थर विरळ होतो आहे की नाही हे पटल दुधी होण्यापूर्वी कळते. तिसऱ्या डॉक्टरांचा चष्मा, हा देखील मागे घेता येण्याजोगाच उपाय आहे, हे मी जोडले. तिने ते ऐकले नाहीसे केले.

तिने लेन्स बसवून घेतली. जाड भिंगातून लहान दिसणारे जग आता मूळ आकाराचे दिसते आणि तक्त्यावरची एक ओळ ती पूर्वीपेक्षा अधिक वाचते. रात्री दिव्यांभोवती फिकट कडी दिसतात, त्याची सवय होते आहे म्हणते. डोळ्याची लांबी मात्र तेवढीच आहे. पडदा तेवढाच पातळ आहे. लांबीच आवरण्यासाठी डोळ्यामागे पट्टी शिवण्याचे प्रयत्न १९५० नंतर अनेक देशांत झाले, आजही काही ठिकाणी होतात, पण सर्वत्र मान्य झालेले नाहीत. म्हणून तिला वर्षातून एकदा बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा लागतो, आणि डोळ्यापुढे अचानक चमकल्यासारखे झाले किंवा काळे ठिपके वाढले तर त्याच दिवशी धावावे लागते. गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर गेलो होतो. तपासनीस मुलीने तिला तक्ता वाचायला लावला आणि नंबराच्या रकान्यात शून्य लिहिले. आतल्या वयस्क डॉक्टरांनी कागद पाहिला, पेन काढले आणि त्या शून्याशेजारी, पडद्याच्या तपासणीच्या ओळीत, लिहिले : मूळचा नंबर उणे १३.